कंडक्टर नेमकं करतो काय? (निमित्त: श्येन जांग)

नाम्या_नेवार्ककर

मंडळी, पाश्चात्य संगीतातला माझा अभ्यास म्हणजे टायटन घड्याळाची जाहिरात, आणि ती धून मोझार्टची आहे हे मला चाळिशीत कळलं. एवढ्यावरून काय ते समजून घ्या.

तर झालं असं की बायकोच्या ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीने चार तिकिटं दिली. नेवार्कला एनजेपॅकमधे न्यू जर्सी सिंफनीचा चांद्र नववर्षाचा कार्यक्रम होता. फुकट म्हणून गेलो. स्टेजवर सत्तर-ऐंशी माणसं, प्रत्येकापुढे कागद, सगळे आपापलं वाजवतायत, आणि मधे चौरंगासारख्या लाकडी ठोकळ्यावर एक लहानखुरी बाई उभी. श्येन जांग. काय ती एनर्जी! पण मी पहिली दहा मिनिटं फक्त एवढंच शोधत होतो की हिच्याकडे बघतंय कोण. कोणीच नाही हो! सगळ्यांचे डोळे कागदात. आमच्याकडे तर तिची पाठ. मग हातवारे चाललेत कोणासाठी?

घरी येऊन वाचलं तर बाई साधीसुधी नाही. चीनच्या पार टोकाला, उत्तर कोरियाच्या सीमेवर दांडोंग नावाचं गाव आहे, तिथली. २०१६ पासून न्यू जर्सी सिंफनीची म्युझिक डायरेक्टर (म्हणजे ऑर्केस्ट्राची प्रमुख कंडक्टर), त्याआधी इटलीत मिलानला, २०२४ मधे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पदार्पण, आणि आता सिअॅटल सिंफनीची पण.

माझे दोन प्रश्न. एक, कंडक्टर नसला तर नक्की काय बिघडतं? दोन, दांडोंगहून मेटपर्यंत माणूस पोचतो कसा, आणि आपल्याकडे झुबिन मेहतांनंतर गाडी का थांबली?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. अजाणकारांनी पण टाकायला हरकत नाही.

खट्याळ_खंडू

पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे. सुट्टे काढून ठेवा.

उंटावरची_शहाणी

खंडू, हा जोक येणार हे शीर्षक वाचूनच कळलं होतं. तीन मिनिटं लागली, म्हातारा झालास.

सेकंड_व्हायोलिन

नाम्या, तुझा पहिला प्रश्न मला आवडला कारण मी पण असाच अडाणी होतो आणि मग इथे क्लीव्हलँडजवळ एका हौशी ऑर्केस्ट्रात घुसलो (आयडी बघ, सेकंड व्हायोलिन, शेवटून दुसरी खुर्ची).

कोणी बघत नाही असं वाटतं तो भ्रम आहे. नोटेशनचा स्टँड मुद्दाम जरा खाली ठेवतात, म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला काठीचं टोक दिसत राहतं. गाडी चालवताना तू आरशात बघतोस तसं. बघतोयस हे शेजारच्याला कळत पण नाही.

आता काठी काय सांगते. खरी गंमत ठोक्यात नाही, ठोक्याच्या आधी हात वर जातो त्यात आहे. तो उचललेला हात म्हणजे श्वास. किती वेगाने उचलला, किती वर नेला, जड होता की हलका, त्यावरून पुढचा सूर कसा पडणार ते ऐंशी जणांना एकदम कळतं. बीथोवनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात सगळ्यांना पाठ असते, ट-ट-ट-टाऽऽ. पण ती सुरू होते शांततेने! पहिल्या मात्रेच्या ठोक्याला कोणीच वाजवत नाही, तो छोटासा विराम आहे आणि मग तीन सूर येतात. म्हणजे ऐंशी लोकांनी एका न वाजलेल्या क्षणानंतर एकत्र उडी मारायची. आमचा कंडक्टर एकदा ट्रॅफिकमधे अडकला तर आम्ही म्हटलं आपणच करू. ट-टट-टटट-ट-टाऽ झालं. पावभाजीचा तवा वाजवल्यासारखं.

दुसरं म्हणजे अंतर. मागच्या रांगेतला ट्रम्पेटवाला पुढच्या व्हायोलिनचं कानाने ऐकून वाजवायला गेला तर श्रोत्यांपर्यंत तो उशिराच पोचणार, कारण आवाज चालत यायला वेळ लागतो. त्याने कानावर नाही, डोळ्यावर विश्वास ठेवायचा असतो. म्हणून समोर एकच माणूस लागतो.

आणि तिसरं, जे तिकीट काढून दिसत नाही ते: तालीम. व्यावसायिक ऑर्केस्ट्रात एका कार्यक्रमाला मोजून तीन-चार तालमी मिळतात, त्यांचंही घड्याळ असतं, युनियनचे नियम असतात, ब्रेक म्हणजे ब्रेक. त्यात बाहेरून आलेल्या कंडक्टरला पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात वाजवणारे. ह्याला येतंय की नाही. श्येन जांगसारख्या बाईने आयुष्याची वीसेक वर्षं अशा अनोळखी खोलीत पहिली दहा मिनिटं जिंकण्यात घालवली असणार.

शांभवी

सेकंड_व्हायोलिन, मस्त लिहिलंय. पावभाजीच्या तव्यासाठी वेगळे मार्क.

लालपरीची_लेक

खंडूच्या जोकवर हसले, पण एक सांगू का? माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होईपर्यंत. लहानपणी मी त्यांच्याबरोबर गाडीत जायची. ड्रायव्हर कितीही सीनियर असू दे, डबल बेल पडल्याशिवाय गाडी हलत नाही. बाबा मागच्या दारात उभे राहून बघायचे, म्हातारी चढली का, तिची पिशवी चढली का, मग टण टण. कधी कधी एक क्षण थांबायचे उगाच. मी विचारलं का थांबलात, तर म्हणाले कोणीतरी पळत येतंय असं वाटलं.

वरचं "न वाजलेला क्षण" वाचून ते आठवलं.

खट्याळ_खंडू

लेक, आता जोक केल्याचं वाईट वाटतंय. टोपी काढली आहे.

पुलकेशीचा_पाहुणा

नाम्याच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो, कारण ह्या बाईचं करिअर मी बरीच वर्षं फॉलो करतोय.

१९७३ चा जन्म. सांस्कृतिक क्रांती अजून संपलेली नव्हती. पियानो म्हणजे बूर्झ्वा वस्तू, दुकानात मिळायचा प्रश्नच नाही. वडील वाद्यं बनवणारे कारागीर होते, त्यांनी सुटे भाग गोळा करून पोरीसाठी घरी पियानो बनवला. आई संगीत शिकवायची. तिथून बीजिंगच्या सेंट्रल कॉन्झर्वेटरीत, पियानोवादक व्हायला. आणि मग तिला सांगण्यात आलं की तुझे हात लहान आहेत, मोठी पियानोवादक होणार नाहीस. विचार करा त्या वयात काय वाटलं असेल. कंडक्टिंगकडे वळली ती तिथून. तिच्या गुरू वू लिंगफेन, त्या पण बाईच. विसाव्या वर्षी बीजिंगच्या सेंट्रल ऑपेरात ह्याच बाईंनी तिला ऐनवेळी ढकललं, मोझार्टचा 'मॅरेज ऑफ फिगारो'. म्हणजे सुरुवातच ऑपेराने, आणि तीही तीनेक तास चालणाऱ्या. पोहायला शिकवायची जुनी पद्धत, विहिरीत टाकायचं.

१९९८ ला अमेरिका, सिनसिनाटीच्या कॉन्झर्वेटरीत. २००२ ला लोरिन माझेल ह्या अमेरिकन कंडक्टरच्या नावाची कंडक्टरांची स्पर्धा झाली, कार्नेगी हॉलला फायनल, त्यात पहिलं बक्षीस विभागून: एक ही आणि दुसरा थायलंडचा बंदित उंगरांग्सी. युरोपात जन्मलेल्या संगीताची स्पर्धा आणि जिंकले कोण तर चीन आणि थायलंड! मग माझेलने तिला न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमधे सहाय्यक म्हणून घेतलं, पुढे असोसिएट कंडक्टर.

आणि त्याच काळात, हे लोक विसरतात, ती आयोवातल्या सू सिटी नावाच्या गावाच्या ऑर्केस्ट्राची म्युझिक डायरेक्टर होती, २००५ ते २००७. एकीकडे न्यूयॉर्क, एकीकडे मक्याची शेतं. मला तिच्या करिअरमधली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटते. लिंकन सेंटरमधे (न्यूयॉर्क फिलहार्मोनिक तिथेच वाजवतो) सहाय्यक म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या तालमीत मागे बसून ऐकता, कोणी आजारी पडलं तर उभं राहता. सू सिटीत सगळं तुमचं. चुका पण.

हजरजबाबी_हणम्या

अवांतर: त्या स्पर्धेला पैसे देणारा अल्बर्टो व्हिलार पुढे गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल तुरुंगात गेला. ऑपेराला देणग्या देण्यात जगात एक नंबर होता. आपल्याकडे असे लोक गणपती मंडळाचे अध्यक्ष असतात.

अमरकोशी

नावाच्या उच्चारावर कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. इंग्रजी स्पेलिंग बघून झियान, झिआन, शियान, क्सियान असं काय काय लिहितात. नाम्याने श्येन लिहिलंय ते त्यातल्या त्यात जवळचं. जांग हे आडनाव, चिनी लोकांत आडनाव आधी येतं. आणि तिच्या नावाच्या त्या अक्षराचा अर्थ आहे वाद्याची तार! वाद्यं बनवणाऱ्या बापाने मुलीचं नाव तार ठेवलंय.

आणि संस्कृतात श्येन म्हणजे ससाणा. हा निव्वळ योगायोग, ह्यावरून कोणी चिनी भाषा संस्कृतातून आली असा धागा काढू नये.

खट्याळ_खंडू

ह्यूएनत्संगानंतर थेट हिचंच नाव ऐकलं मी. तो चालत आला होता, ही विमानाने फिरते. बाकी दोघांचं आडनाव कुठलं हे मला अजून कळलेलं नाही.

पुलकेशीचा_पाहुणा

खंडू, आयडी माझा आणि जोक तुझा. अन्याय आहे.

मुळ्येकाका

सर्वांना नमस्कार. वाचत होतो, राहवले नाही म्हणून लिहितो. कौतुक करा, जरूर करा, पण इथे भीमसेनजींवर शेवटचा धागा कधी निघाला होता? आपल्या संगीतात गवयाला कोणी काठी दाखवावी लागत नाही. समेवर सगळे आपोआप येतात. ऐंशी माणसे कागद बघून वाजवणार आणि एक जण हात हलवणार, ह्याला मी संगीत म्हणण्यापेक्षा कवायत म्हणेन. कृपया राग मानू नये.

सेकंड_व्हायोलिन

काका, राग अजिबात नाही. पण मैफलीत चार माणसं असतात, फार तर सहा. ऐंशी जणांनी समेवर आपोआप यायचं म्हटलं तर सम कोणाची हाच वाद होईल. आणि कवायत म्हणाल तर कागदावर सूर आहेत, ते किती वजनाने आणि किती काळ हे कागदात पूर्ण मावत नाही. तेच 'बंदिश तीच, गवई वेगळा'.

पेटीवाला

काका, तुम्ही तर संगीत नाटकं बघितलेली माणसं. बालगंधर्वांच्या जमान्यापासून रंगमंचाच्या खाली समोर ऑर्गनवाला आणि तबलजी बसायचे की नाही? मी स्वतः हौशी नाटकांना ऑर्गनची साथ केलीय. नट पदाच्या आधीचं वाक्य म्हणतोय, त्याचा घसा आज कसा आहे, श्वास कुठे घेणार, वन्समोअर पडला तर परत कुठून उचलणार, हे सगळं खाली बसून मान वर करून बघायचं. एका प्रयोगात नट तिसऱ्या ओळीऐवजी पाचव्या ओळीवर गेला, मी आणि तबलजी एका नजरेत पाचवीवर. प्रेक्षकांना पत्ता नाही.

ऑपेराचा कंडक्टर हेच करतो असा माझा समज आहे, फक्त त्याच्याबरोबर साठ-सत्तर जण असतात आणि सगळ्यांना एका नजरेत पाचव्या ओळीवर न्यायचं असतं. बरोबर का? जाणकार सांगतील.

मेटची_वारकरी

पेटीवाले, शंभर टक्के बरोबर. मी राहते जर्सी सिटीला आणि माझी दर सीझनला मेटची वारी असते, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या स्वस्त खुर्च्यांची. प्रेक्षागृह केवढं, तर जवळपास ३८०० खुर्च्या, आणि गायकांना माइक नाही. हे आधी लक्षात घ्या म्हणजे पुढचं कळेल.

श्येन जांगचं पदार्पण पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय'ने झालं. मी गेले होते, आणि मग मे महिन्यात थिएटरांमधे जे थेट प्रक्षेपण झालं ते पण बघितलं, अस्मिक ग्रिगोरियन बटरफ्लाय होती. थिएटरात बघायचा फायदा असा की कॅमेरा सुरुवातीला कंडक्टरच्या तोंडावर असतो. नाम्या, तू तिची पाठ बघितलीस ना, तोंड बघायला हवं! ती गायकाबरोबर श्वास घेते. तोंड उघडून.

ह्या ऑपेरात दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक प्रसंग आहे. बटरफ्लाय नवऱ्याचं जहाज आलं म्हणून रात्रभर दाराशी उभी असते, आणि विंगेतून कोरस नुसता गुणगुणतो, शब्द नाहीत, तोंडं मिटलेली. आता कोरस आत, ऑर्केस्ट्रा स्टेजपुढच्या खड्ड्यात, मधे सगळं स्टेज. कोरसवाल्यांना कंडक्टर दिसतो तो टीव्हीच्या पडद्यावर. ऐकून वाजवायला गेलात तर मागे-पुढे होणारच. आणि ते गाणं इतकं हळू, इतकं हलकं आहे की मात्रेचा पाव भाग सरकला तरी उघडं पडतं. त्या रात्री सगळ्यात वरच्या मजल्यावर मला ते असं ऐकू आलं की जणू कोणी शेजारच्या खोलीत गुणगुणतंय. कोणी खोकलं नाही. न्यूयॉर्कमधे, हिवाळ्यात!

आणि ते प्रॉडक्शन अँथनी मिंगेलाचं, त्यात बटरफ्लायचं लहान मूल म्हणजे बाहुलं आहे, तीन काळ्या कपड्यातली माणसं जपानी पद्धतीने हलवतात. म्हणजे इटालियन ऑपेरा, जपानची गोष्ट, ब्रिटिश दिग्दर्शक, चिनी कंडक्टर, आणि पिंकर्टन (बटरफ्लायचा अमेरिकन नवरा) गायला लागला की मधेच अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे सूर. बघणारी मी ठाण्याची.

उंटावरची_शहाणी

मेटची वारकरी, अंगावर काटा आला. पण मला एक विचारायचंय. सगळीकडे हिच्याबद्दल "पहिली महिला" असंच लिहिलेलं असतं. ह्याचा तिला कंटाळा येत नसेल?

मेटची_वारकरी

येत असणार. पण यादी खोटी नाही ना. २००९ ला मिलानच्या ला व्हेर्दी ऑर्केस्ट्राची म्युझिक डायरेक्टर झाली तेव्हा इटलीतल्या सिंफनी ऑर्केस्ट्राची प्रमुख झालेली ती पहिली बाई. इटलीत, जिथे संगीताला शब्दच त्यांचे! अलेग्रो, पियानो, क्रेशेंदो. आणि तिथे चीनहून आलेली बाई उभी राहून इटालियन लोकांना व्हेर्दी वाजवायला लावते, सात वर्षं. २०१६ ला बीबीसीच्या वेल्स ऑर्केस्ट्रात प्रिन्सिपल गेस्ट कंडक्टर, बीबीसीच्या ऑर्केस्ट्रात असं पद मिळालेली पहिली. हे २००९ आणि २०१६ आहे, १९०९ नाही.

हजरजबाबी_हणम्या

थोडं कडू बोलतो. ऑर्केस्ट्रांना आजकाल "विविधता" दाखवायची असते. बाई, तीही आशियाई, पोस्टरवर छान दिसते. नंबर लागायला ह्याची मदत होत नाही असं कोणी म्हणू नये.

पुलकेशीचा_पाहुणा

हणम्या, दार उघडायला होत असेल मदत. पण वाजवणारे लोक दुसऱ्यांदा बोलावतात ते पोस्टर बघून नाही. न्यू जर्सीने तिचा करार परत परत वाढवलाय. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबरच्या रेकॉर्डिंगला, टाइम फॉर थ्री हे त्रिकूट होतं त्यात, २०२३ ला ग्रॅमी मिळालं.

आणि तू म्हणतोस ते चीनच्या बाबतीत तर उलटंच आहे. तिथे बायका कंडक्टर असणं ही नवलाई नाही. जंग श्याओयिंग नावाच्या आजी आहेत, १९२९ चा जन्म, साठच्या दशकात मॉस्कोला शिकायला होत्या आणि तिथे त्यांनी 'तोस्का' कंडक्ट केला. परत येऊन सेंट्रल कॉन्झर्वेटरीत कंडक्टिंग विभागाच्या प्रमुख. त्यांच्या नंतरच्या पिढीतल्या वू लिंगफेन, मग श्येन जांग. घराणंच म्हणा. ती अमेरिकेत गेली तेव्हा तिला म्हणे नवल वाटलं की इथे बायका इतक्या कमी का.

मुळ्येकाका

'घराणे' हा शब्द आल्यामुळे मी आता लक्ष देऊन वाचत आहे.

रोझी_मडगांव

मी मराठी जरा कोंकणी मिसळून लिहिते, सांभाळून घ्या.

"आपल्याकडे का नाही" ह्यावर बोलते. आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, असायचा, पोरांना सोल्फेज (कागदावरचे सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचा. गावागावात कागद वाचून वाजवणारी माणसं होती. माझे आजोबा असेच शिकले आणि मुंबईला गेले. तिथे ही सगळी माणसं कुठे गेली? सिनेमात. मोठे मोठे ऑर्केस्ट्रे मुंबईच्या स्टुडिओत दिवसाला दोन दोन शिफ्ट वाजवायचे, नोटेशन लिहायचे गोंयकार, समोर उभे राहून हात दाखवायचे पण गोंयकारच. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. आमच्या माजोर्ड्याच्या गोन्साल्विसबाबने तर १९५८ ला स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला, रागांवर रचना केल्या. टिकला नाही. पैसा कोण देणार.

म्हणजे कंडक्टर आपल्याकडे होते. पडद्यावर नाव नव्हतं.

आजोबा सांगायचे, रेकॉर्डिंगला टेक चालू असताना चूक झाली तर सगळ्यांचा टेक वाया, म्हणून समोरच्या माणसाच्या भुवईकडे बघून वाजवायचं. हात नंतर. भुवई आधी.

सेकंड_व्हायोलिन

रोझी, हात नंतर भुवई आधी, हे आमच्या तालमीच्या फळ्यावर लिहिणार आहे.

शांभवी

रोझी, आजोबांवर वेगळा धागा काढच. प्लीज.

चिनी_माती

मी शांघायला पाच वर्षं होते, नोकरीनिमित्त. नाम्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे रस्त्यावर दिसतं. सोसायटीत संध्याकाळी सात वाजता प्रत्येक मजल्यावरून पियानो. पोरं रडत रडत वाजवतात, आया शेजारी बसून. आपल्याकडे जेईई, तिकडे जेईई अधिक पियानो.

पण हे नेहमी असं नव्हतं. सांस्कृतिक क्रांतीत पाश्चात्य संगीतावर बंदी होती. शांघाय सिंफनीचे कंडक्टर लू होंगएन ह्यांना १९६८ मधे चक्क गोळी घातली. १९७३ ला फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा बीजिंगला आला तेव्हा माओच्या बायकोने फर्मान काढलं की बीथोवनची सहावी वाजवा. ह्यांच्याकडे सहावीचे कागदच नव्हते आणलेले! स्थानिक ऑर्केस्ट्राकडून धावपळ करून कागद मिळवले. आता बघा, श्येन जांगचा जन्म त्याच १९७३ चा, आणि ग्रॅमीवाली रेकॉर्ड त्याच फिलाडेल्फियाबरोबर. ज्या देशात सहावीच्या कागदांची बोंब त्या देशातली पोर.

आणि ती एकटी नाही. यू लोंग बर्लिनला शिकून परत गेला, बीजिंग म्युझिक फेस्टिव्हल काढलं, चायना फिलहार्मोनिक काढला, २००८ ला तो ऑर्केस्ट्रा घेऊन व्हॅटिकनला पोपसमोर मोझार्टचा रेक्विएम (मृतांसाठीची प्रार्थना) वाजवला. चीन आणि व्हॅटिकनचे राजनैतिक संबंध नसताना. थांग मूहाईला कारायानने, म्हणजे तिथल्या प्रमुख कंडक्टरने, बर्लिन फिलहार्मोनिकला बोलावलं होतं, ऐंशीच्या दशकात. लू जिया इटलीत ट्रिएस्टेच्या ऑपेराचा प्रमुख होता आणि मग बीजिंगच्या एनसीपीएला, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय कलाकेंद्राला.

हजरजबाबी_हणम्या

एनसीपीए तर आपलं नरिमन पॉइंटला आहे ना?

चिनी_माती

दोन्हीकडे आहे. आपलं १९६९ चं, त्यांचं २००७ चं. त्यांचं अंड्याच्या आकाराचं आहे, तळ्यात. आपलं समुद्राकाठी. आपल्यात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून, पण वाजवणारे बरेच कझाकस्तानहून येतात. नावात फरक नाही, फरक आहे तो संध्याकाळी सातच्या पियानोत.

उंटावरची_शहाणी

झुबिन मेहता राहिलेच की. १९५४ ला मुंबई सोडून व्हिएन्नाला गेले, तेव्हा मुंबईत वडील मेहली मेहतांनी उभा केलेला बॉम्बे सिंफनी होता म्हणून घरात ऑर्केस्ट्रा ऐकत वाढले. आणि गंमत बघा, १९९८ ला बीजिंगच्या जुन्या राजवाड्यात पुच्चिनीचा 'तुरांदोत' झाला, चिनी राजकन्येची गोष्ट, दिग्दर्शक जांग यिमोऊ, आणि कंडक्टर आपले मुंबईचे पारशी. त्याच वर्षी श्येन जांग चीन सोडून अमेरिकेला.

आणि "झुबिननंतर कोणीच नाही" हे पण तितकंसं खरं नाही. अल्पेश चौहान आहे, बर्मिंगहॅम ऑपेरा कंपनीचा म्युझिक डायरेक्टर. पण तो बर्मिंगहॅमचाच, शाळेत चेलो मिळाला म्हणून सुरुवात झाली. शाळेत चेलो मिळाला, हे वाक्य परत वाचा.

सिअॅटलचा_सदा

आत्ता धागा बघितला. आमच्याकडे बेनारोया हॉलला २०२५-२६ च्या सीझनपासून बाई आल्यात. ह्या ऑर्केस्ट्राला पण बाई प्रमुख पहिल्यांदाच. आधीचे डेन्मार्कचे थॉमस डॉसगॉर, त्यांनी जानेवारी २०२२ मधे सीझन चालू असताना ईमेल करून राजीनामा दिला. तेव्हापासून घर रिकामंच होतं, पाहुणे कंडक्टर येऊन जात होते. साडेतीन वर्षं बिनमुकादमाची साइट म्हणा.

आमच्या ऑफिसात लीड सोडून गेला तेव्हा सहा महिने सगळं छान चाललंय असं वाटत होतं. कोड लिहिणारे तेच, चांगले लिहिणारे. मग कळलं की प्रत्येक जण स्वतःच्या वेगाने चांगला लिहितोय. नाम्या, तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं हे उत्तर.

पण एक सांगा, न्यू जर्सी पण आणि सिअॅटल पण, एक बाई दोन टोकांना दोन ऑर्केस्ट्रा कशी सांभाळते? मला कांदिवली-बीकेसी झेपत नव्हतं.

मेटची_वारकरी

सदा, म्युझिक डायरेक्टर वर्षभर तिथे नसतो. सीझनमधले मोजके आठवडे स्वतः कंडक्ट करतात, बाकीचे आठवडे पाहुणे. पण कोण पाहुणा, काय वाजवायचं, कोणाला नोकरीवर घ्यायचं, देणगीदारांबरोबर जेवायचं, हे सगळं त्यांच्याच डोक्यावर. आणि उरलेल्या आठवड्यांत त्या दुसरीकडे पाहुण्या. मेलबर्नला पण प्रिन्सिपल गेस्ट होती ती काही वर्षं. सूटकेसमधे काळे कपडे आणि स्कोअर, संपलं.

पेटीवाला

म्हणजे आपल्या कीर्तनकारांचं असतं तसं. चातुर्मासात एक मुक्काम, बाकी गावोगाव.

मुळ्येकाका

पेटीवाले ह्यांच्या ऑर्गनच्या पोस्टनंतर मी नातवाकडून तो गुणगुणण्याचा कोरस लावून घेतला. (इअरफोन त्याचे.) दोनदा ऐकला. कवायत हा शब्द मागे घेतो. बाकी मत कायम.

खट्याळ_खंडू

मुळ्येकाकांनी शब्द मागे घेतला! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

नाम्या_नेवार्ककर

सगळ्यांचे आभार. इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं, धागा काढला तेव्हा मी पण खंडूच्याच लेव्हलचा होतो.

काल परत गेलो. ह्या वेळी विकत तिकीट, न्यू ब्रन्सविकच्या स्टेट थिएटरला, आणि पोराला पण नेलं, नऊ वर्षांचा आहे. सेकंड_व्हायोलिनने सांगितलं तसं ठोक्याकडे न बघता ठोक्याच्या आधी उचललेल्या हाताकडे बघत राहिलो. पहिल्या तुकड्याच्या आधी ती हात वर करून एक क्षण नुसती थांबली, जरा जास्तच, आणि तेवढ्यात मागच्या दारातून एक म्हातारं जोडपं धडपडत येऊन खुर्चीत बसलं. मग खाली आला हात. तिला ते दिसणं शक्य नाही, पाठ होती. माझ्या डोक्यात लालपरीच्या लेकीचे बाबा आले.

पोरगा म्हणतो, बाबा सगळे तिच्याकडे बघतायत की. मी म्हटलं कुठे, कागदात बघतायत. तर म्हणतो, नाही, चोरून.

लालपरीची_लेक

:-) बाबांना वाचून दाखवते.

सिअॅटलचा_सदा

नाम्या, इकडे येतोस का? ती इथे असेल त्या आठवड्यात ये, राहायची सोय आहे. फक्त बेनारोयाला पार्किंग महाग आहे.

नाम्या_नेवार्ककर

न्यू ब्रन्सविकला पण पंधरा मिनिटं फिरत होतो.